चौथं कलम

१४ सप्टेंबर १९९३

आज तीन घरांची दारं तोंडावर लागली. चौथ्या घरी पाणी मिळालं, पण ते पिऊन होईपर्यंत घरातल्या म्हातारबुवांना मागच्या दाराने बाहेर पाठवून दिलं होतं.

डॉ. हिमानी लाहिरींनी आधीच सांगितलं होतं, "सुमेधाजी, पहला महीना खाली जाएगा. घबराइएगा मत." घाबरले नाही, पण पाय फार दुखले.

काम असं आहे. साठीच्या पुढची माणसं शोधायची, त्यांची नावं नोंदवायची आणि तीन वर्षं दर चार महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन तेच प्रश्न विचारायचे. आज महिना कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, हे चित्र बघून तसंच काढा. म्हातारपणी कोण, किती, कधीपासून विसरायला लागतं, याचा हा अभ्यास. मोहल्ले तीन: आमची ब्रह्मा घाट-बालाजी घाटाची, पिढ्यान्‌पिढ्या इथे उत्तरेत राहिलेली मराठी वस्ती, मदनपुऱ्यातले विणकर आणि राजघाटाकडचे मल्लाह, म्हणजे नावाडी. डॉक्टर म्हणतात, आजवर असले अभ्यास झाले ते आपण होऊन दवाखान्यात येणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांवर. "जो अस्पताल नहीं आता, वो भूलता नहीं क्या?" त्यांचं हे वाक्य मला पटलं, म्हणून हो म्हटलं.

खरं कारण तेवढंच नाही. हे गेल्याला दोन वर्षं झाली. शाळेतली बदलीची नोकरी सुटली. लेक मुक्ता अकरावीत, तिची तिची मैत्रिणींची दुनिया. दोन वर्षांत मला कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी बोलावलं.

२१ सप्टेंबर

आपली माणसं सोपी जातील असं वाटलं होतं. वेणीमाधवशास्त्र्यांकडे गेले. चौऱ्याहत्तर वय, अख्खी संहिता मुखोद्गत. त्यांच्या पत्नी इंदूकाकूंनी पाट दिला, लाडू दिला. मी संमतीचा कागद काढला. आपल्या वस्तीसाठी तो मीच मराठीत उतरवला आहे. शास्त्र्यांचा मुलगा विश्वेश समोर बसला होता, म्हणून सगळी कलमं एकेक करून वाचली. तसंही त्याने कागद हातात घेऊन वाचलाच असता.

चौथ्या कलमाशी त्याने थांबवलं. "या अभ्यासामुळे आपल्याला किंवा आपल्या माणसाला कोणतंही औषध वा उपचार मिळणार नाही. म्हणजे?"

"म्हणजे आपण फक्त माहिती द्यायची. पुढे कधीतरी कुणाला तरी उपयोग होईल."

"मग अण्णांचं नाव कशाला अडकवायचं, सुमेधाताई? उद्या यजमानांत बोभाटा होईल, शास्त्री विसरायला लागले. आमचं सगळं त्या स्मरणावर चालतं."

शास्त्री माझ्याकडे बघून हसत होते. मी कोण हे त्यांना उमगलं होतं की नाही, कोण जाणे. निघताना इंदूकाकू जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "परवा संध्येला बसले आणि आचमनानंतर पुढचं सुचेना गं. तसेच बसून राहिले, पळी हातात धरून." त्यांचा हात धरला. आणखी काय करणार?

आपल्या वस्तीत आजवर बावीस घरं झाली. सह्या चार. चौथं कलम आलं की सगळे थांबतात.

११ ऑक्टोबर

अखेर मदनपुऱ्यात एका घरात शिरले.

दोन आठवडे नुसती गल्लीतून फिरत होते. दोन्ही बाजूंनी करघ्यांची, म्हणजे हातमागांची, खटखट, आणि मी आले की ती एकेका घरातून बंद होत जायची. गेल्या डिसेंबरचा कर्फ्यू इथल्या लोकांच्या डोळ्यांतून अजून गेलेला नाही. त्यात माझ्या कपाळावर टिकली, खांद्याला झोळी, हातात कागद. एका बाईने सरळच विचारलं, "नसबंदीवाली हो का?" सतरा-अठरा वर्षं झाली त्या गोष्टीला, पण कागद घेऊन येणारी बाई त्यांना अजून तीच वाटते.

आज एका दारात एक म्हातारा उभा होता. स्वच्छ पांढरी दाढी, लुंगी, एका पायात चप्पल. मला म्हणाला, "आ गई? माल लाई हो?" मागून मुलगी धावत आली. "अब्बा, ई कोई और हैं." मग माझ्याकडे बघून, "माफ कीजिएगा बहिनजी, अब्बा सबको पहचाना हुआ समझते हैं."

मी म्हटलं, "मैं इसी के लिए आई हूँ."

ती दारातून बाजूला सरली.

वहीद मियाँ, वय अंदाजे सत्तर, जामदानी विणणारे कारागीर. मुलीचं नाव नसीमा. एकोणतीस वर्षांची, नवऱ्याने सोडलेली, मूलबाळ नाही. आई वारलेली. एकुलता भाऊ मालेगावला यंत्रमागावर असतो. मालेगाव म्हटल्यावर मी "अरे, वो तो हमारे महाराष्ट्र में है" असं म्हणाले. मी स्वतः उभ्या जन्मात तीनदा महाराष्ट्र पाहिलाय! पण तेवढ्याने तिचा चेहरा सैल झाला.

प्रश्नांचं सगळं हसंच झालं. "आज तारीख क्या है?" म्हटल्यावर मियाँ म्हणाले, "तारीख गिरस्ता जाने." गिरस्ता म्हणजे काम देणारा व्यापारी. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर गप्प. एकात एक अडकलेले दोन चौकोन दाखवून तसेच काढा म्हटलं, तर बोट फिरवत विचारतात, "कितने ताग में बिठाना है?" म्हणजे किती धाग्यांत. कागदाप्रमाणे त्यांना शून्य. पण हा माणूस शून्य नाही, हे मला दिसत होतं. डॉक्टरांना सांगायला हवं, प्रश्न बदला.

नसीमाने विचारलं, "इलाज होगा इनका?"

मी कागद काढला. हिंदीतली पहिली तीन कलमं वाचली. तेवढ्यात दारात सात-आठ बायका जमल्या, मुलं आत डोकावायला लागली, मियाँ उठून जाऊ लागले. "बाकी भी ऐसा ही है," म्हटलं आणि कागद पुढे केला. तिने उर्दूत सही केली. मियाँचा अंगठा घेतला.

चौथं वाचायचं राहिलं. घाईच तशी होती. पुढच्या खेपेला वाचीन.

३ नोव्हेंबर

मदनपुऱ्यात सतरा नावं! नसीमा स्वतः घराघरांतून घेऊन जाते. "ई हमारी बहिनजी हैं, इनसे मत डरो." तिच्या शब्दाला गल्लीत वजन आहे. बायका तिच्याकडे कागद, चिठ्ठ्या वाचून घ्यायला येतात. ती सोबत असली की दारं उघडतात.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मल्लाहांकडे जाणाऱ्या दोघांना म्हणाल्या, "सुमेधाजी से सीखिए." घरी येताना चौकातून मुक्तासाठी मलइयो, ती दुधाच्या फेसाची मिठाई, घेतली. थंडी नीट पडलेली नाही, तरी मिळाली.

संध्याकाळी मुक्ता माझ्याबरोबर कागद लावत बसली होती. मी मदनपुऱ्यात कशी बोलते, याची तिला नक्कल करून दाखवली. तिने कागद हातात घेतला. "आई, तू ये वाली लाइन बोललीच नाहीस. चार नंबर."

"त्यांना त्यातलं कळत नाही गं. उगाच घाबरतात."

"मग शास्त्र्यांकडे का वाचलीस?"

"ते विचारतात."

मुक्ता खांदे उडवून आपल्या पुस्तकाकडे गेली. या वयातल्या मुलींना सगळं काळं नाहीतर पांढरं दिसतं.

५ मार्च १९९४

दुसरी फेरी. रमजान चालू आहे, म्हणून सकाळी लवकर जाते, बोलून बोलून त्यांचा घसा सुकायच्या आत.

प्रश्न बदलले, माझ्या म्हणण्यावरून. आता तारखेऐवजी विचारतो, कोणता महिना, मागची ईद कोणती गेली, जुमा कधी. वजाबाकीऐवजी, सूत गुंडाळायच्या वीस नऱ्यांतल्या तीन-तीन काढत जा. वहीद मियाँनी पहिल्यांदाच उत्तर दिलं, "रमजान." नसीमाने माझ्याकडे अशा आनंदाने पाहिलं की जणू ते बरेच झाले. शब्द मात्र तिन्ही विसरले.

चहा नव्हता, पण उठू देईना. म्हणाली, "बहिनजी, एक बात बताइए. जो तीन साल पूरा टिकेगा, दवा में उसका नाम पहिले आएगा न?"

हे तिच्या डोक्यात कुठून आलं? मी कधीच असं म्हटलेलं नाही. अगदी शपथेवर. मी म्हटलं, "टिकना तो बहुत ज़रूरी है." ते खरंच आहे. अभ्यासासाठी टिकणं जरुरीचंच आहे.

तिने मान डोलावली. दाराबाहेर उभ्या बाईला म्हणाली, "सुना? टिकना है."

राजघाटला पंधरापैकी सहा घरं गळाली. आमच्या वस्तीतली चारातली दोन उरली. मदनपुऱ्यात एक्केचाळीस, गळती शून्य.

१९ जुलै

भयंकर उकाडा. नसीमाकडे भावाचं पत्र आलंय. तो म्हणतो, अब्बांना घेऊन कायमची मालेगावला ये, इथे दोन खोल्या केल्यात. ती गेली तर तिने आणलेली घरंही मागोमाग सुटतील.

"क्या सोचा?" मी विचारलं.

"सोच रहे हैं." मग एकदम, "वहाँ सब आप ही की बोली बोलते हैं?"

"बाहर, बाज़ार में. अपने मोहल्ले में उर्दू ही होगी."

"हमको दो-चार सिखा दीजिए."

शिकवलं. पाणी, ये, बस, जेवलीस का. 'जेवलीस' म्हणताना तिची जीभ वळेना, दोघी खूप हसलो. मग तिने विचारलं, "छोटी बच्ची को लाड़ से क्या बुलाते हैं?" मी म्हटलं, "बाळ. सोनुली." तिने दोनतीनदा घोकलं, अगदी हळू, बाळ, बाळ. भावाला मुलगी झाली असेल. आत्या व्हायची हौस!

मियाँ करघ्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. आता विणत नाहीत, पण तिथे बसवलं की शांत असतात. हात हवेत चालत राहतात.

निघताना ती म्हणाली, "नहीं जाएँगे, बहिनजी. दो साल और है न? निकाल लेंगे."

जीव भांड्यात पडला.

२८ नोव्हेंबर

वहीद मियाँ काल हरवले होते. सकाळी निघाले ते दुपारी केदार घाटाच्या पायऱ्यांवर सापडले. कुणा नावाड्याने बसवून ठेवलं होतं. नसीमाचे पाय अनवाणी, घोटे सुजलेले. सगळीकडे धावत होती.

शेजारची कुलसुम बी मला गल्लीत गाठून म्हणाली, "तुम्हारे दवाई के चक्कर में इस लड़की ने घर बसता-बसता छोड़ दिया." काय ते समजेना. तिने सांगितलं. भावाने मालेगावला नसीमासाठी स्थळ पाहिलं होतं. चांगला माणूस, बायको वारलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. बापालाही घरात ठेवून घ्यायला तयार. चार महिने थांबला. नसीमाने कळवलं, अब्बांचं नाव यादीत चढलंय, तीन वर्षं पुरी होईपर्यंत हलता येत नाही. आता त्याचा निकाह दुसरीकडे ठरला.

मी कुलसुमला म्हटलं, "ये उसका अपना फैसला था."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं. तिचाच निर्णय होता. मी जा किंवा नको, काहीच म्हटलं नाही. शिवाय अशी स्थळं किती खरी असतात कोण जाणे. इथे निदान तिच्या ओळखीची गल्ली आहे. ते राहिले हे बरंच झालं. मदनपुऱ्यात आता एकसष्ट नावं आहेत.

आज यापुढे लिहवत नाही.

१० फेब्रुवारी १९९५

नसीमा हल्ली मला दीदी म्हणते. कधीपासून, लक्षात नाही आलं.

मियाँनी आज एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. शून्य लिहिलं. तिने विचारलं, "नंबर कम आने से नाम कटेगा तो नहीं?" मी "नहीं, नहीं" म्हटलं.

१२ जून

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत इंदूकाकू भेटल्या. शास्त्री चैत्रात गेले. मी तेव्हा मुक्ताच्या परीक्षेत होते, भेटायलासुद्धा गेले नव्हते.

त्या मात्र मलाच ओढून घरी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तुझी आठवण काढत होते मी. विश्वेश तुला नाही म्हणाला, तू मनाला लावून घेतलं असशील."

"नाही हो काकू."

"तू त्या दिवशी ते वाचलंस ना, औषध नाही म्हणून. तू गेल्यावर विश्वेश रात्रभर जागा होता. सकाळी मला म्हणतो, आई, म्हणजे आता आहे तेवढाच वेळ. तोवर आम्ही दोघंही लपवत होतो, त्याच्यापासून मी, माझ्यापासून तो. मग त्याने दुसरी कामं सोडून रोज दोन तास यांच्यापुढे बसायला सुरुवात केली. त्याला न येणारे जे काही पाठ यांच्याजवळ होते, ते घेतले. वाईला यांची धाकटी बहीण असते, अकरा वर्षांत भेट नव्हती. यांना घेऊन गेलो. तेव्हा ओळखलं त्यांनी तिला. पुढच्या वर्षी नसतं ओळखलं." काकूंनी डोळे पुसले. "औषध आहे असं कुणी सांगितलं असतं ना सुमेधा, तर आम्ही वाट बघत बसलो असतो गं."

त्यांनी सरबत दिलं. पेला तसाच ठेवून मी उठले.

१४ जून

दोन दिवस कामाला गेले नाही. ताप आला आहे असं मुक्ताला सांगितलं. ताप नाही.

सगळी वही पहिल्यापासून वाचली. ११ ऑक्टोबरला लिहिलंय, 'पुढच्या खेपेला वाचीन.' त्यानंतर पाच खेपा झाल्या. एकसष्ट घरांपैकी एकाही घरी वाचलं नाही. आपल्या वस्तीत बावीस घरं झाली आणि बावीसही घरी वाचलं. घाई होती म्हणे. बावीस घरी नव्हती, एकसष्ट घरी होती.

ज्यांना वाचता येतं त्यांना वाचून दाखवलं. ज्यांनी माझ्या तोंडाकडे बघून अंगठा दिला, त्यांना नाही. आणि त्याचं कौतुक करून घेतलं.

बाळ. सोनुली. ती कुणासाठी शिकत होती, हे मला जुलैत कळलं नाही आणि नोव्हेंबरात कळलं तेव्हा मी आकडा लिहिला.

१७ जून

गेले. सांगितलं.

नसीमा चरख्यावर बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, नऱ्या भरत होती. मियाँ खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "नसीमा, उस कागज़ में एक बात थी, जो मैंने पहले दिन पढ़ी नहीं." आणि कागद काढून चौथं कलम वाचलं. मग पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

चरखा थांबला.

"तीन साल बाद भी नहीं?"

"नहीं."

"बंबई में? दिल्ली में?"

"इस बीमारी को ठीक करने की दवा अभी कहीं नहीं है."

"आपको मालूम था?"

"हाँ."

"पहिले दिन से?"

"हाँ."

मला वाटलं होतं ओरडेल, हाकलून देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. तिने नरीवरचं सूत तोडलं, टोक गुंडाळलं, नरी टोपलीत ठेवली. मियाँच्या तोंडातून लाळ आली होती ती पदराने पुसली. त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "हम रोज इनसे कहते थे, अब्बा, थोड़ा और रुक जाइए. बस थोड़ा और."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. रडू नका म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

मग म्हणाली, "जिन सबको हम लाए, उनको?"

"मैं एक-एक घर जाऊँगी. सब पढ़ूँगी."

"जाइए. हम साथ नहीं आएँगे."

१९ जून

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सब जगह लोग छूट रहे थे और मदनपुरा में एक भी नहीं. मुझे पूछना चाहिए था क्यों. मैंने नहीं पूछा. अच्छा लग रहा था."

त्यांनी मला झाकलं असतं तर सोपं झालं असतं का? कदाचित. पण त्यांनी झाकलं नाही. पुन्हा प्रत्येक घरी जायचं, पूर्ण वाचायचं, ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यायचं. जे जातील त्यांचे कागद अभ्यासातून काढायचे. दोन वर्षांची मेहनत त्यांचीही आहे. "और अगली बार वहाँ कोई दूसरी जाएगी, सुमेधाजी. आप समझती हैं." समजते.

२२ ऑगस्ट

आज शेवटची चार घरं झाली. एकसष्टपैकी आठजण मधल्या काळात वारले. उरलेल्या त्रेपन्नांपैकी चौतीस सोडून गेले. एकाने कागद माझ्या हातातून घेऊन फाडला. कुलसुम बीने अर्धं ऐकून दार लावलं. एक म्हातारी मात्र म्हणाली, "दवा नहीं है तो नहीं है, पूछती तो रहो." तिच्याकडून चौथं कलम तिच्याच शब्दांत वदवून घेतलं, मगच अंगठा घेतला. असे अठरा राहिले; एक नाव अजून बाकी आहे.

नसीमाच्या दारावरून रोज जावं लागतं. चरख्याचा आवाज येतो. वहीद मियाँच्या नावापुढे अजून काही लिहिलेलं नाही. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

१० डिसेंबर

काल वहीद मियाँ गेले. आज मी त्यांच्या घरी जाऊन आले.

आत पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. नसीमा भिंतीला टेकून. मी तिच्याजवळ बसले, हात पुढे केला. तिने हात दिला, तसाच, निर्जीव. बाहेरगावाहून आलेल्या एका बाईने विचारलं, "ई कौन हैं?"

नसीमा म्हणाली, "सर्वेवाली हैं."

१८ जानेवारी १९९६

मियाँचा आज चाळिसावा. बोलावणं नव्हतं, तरी गेले. दुरूनच परत येणार होते, पण दारात एक माणूस उभा होता. नसीमासारखेच डोळे. मयतीला पोचू न शकलेला मालेगावचा भाऊ, यासीन.

मी नाव सांगताच त्याने हात जोडून मला आत नेलं. खुर्ची पुसून दिली. चारचौघांसमोर म्हणाला, "बहन हर खत में आपका लिखती थी. हम तो परदेस में बैठे थे. अब्बा को देखने हर चार महीने आप आती थीं. सगा भी नहीं करता इतना."

म्हणजे तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "यासीन भाई, आपको एक बात मालूम होनी चाहिए."

पडद्यामागून नसीमाचा आवाज आला. "दीदी, रहने दीजिए."

मी तिकडे पाहिलं. ती पडदा धरून उभी होती. एवढ्या महिन्यांनी तिने मला दीदी म्हटलं होतं, पण त्यात माया नव्हती, फक्त विनवणी होती. मला कळलं. गल्लीत ऐकलं होतं, परवा ती त्याच्याबरोबर मालेगावला चालली आहे, कायमची, भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली. तिथे तिने नाकारलेला तो माणूस त्याच मोहल्ल्यात राहतो, आपल्या नव्या बायकोबरोबर. भावाला खरं कळलं, तर ज्या गोष्टीसाठी तिने ते घर नाकारलं ती गोष्ट मुळात नव्हतीच, हे कळेल. मग जन्मभर तिला त्या घरात ते ऐकावं लागेल. आता तो समजतो, बहिणीने बापाच्या इलाजासाठी केलं. तेवढी इज्जत तिच्या गाठीशी आहे, आणि तिला ती हवी आहे.

"क्या बात, बहिनजी?" यासीन विचारत होता.

खरं बोलून मी मोकळी झाले असते. आज मोकळं व्हायचा हक्क मला नव्हता.

"यही," मी म्हटलं, "कि नसीमा ने बहुत किया. इससे ज़्यादा कोई बेटी नहीं कर सकती."

त्याचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आपका एहसान है हम पर. नमाज में आपका नाम लेंगे."

मी मान खाली घालून ते घेतलं. पडदा पडला होता. आत कुणीतरी ट्रंक ओढत होतं.